आधी खोली दाखवा, मग मशीन सांगतो

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात, ते प्रवेशाच्या शेवटच्या फेरीपर्यंत चालतात. "भाऊ, पोरगी इंजिनिअरिंगले लागली. लॅपटॉप घेऊ का डेस्कटॉप? एका शब्दात सांगा." त्या एका शब्दावर घरातले साठ-सत्तर हजार जातात आणि दोन वर्षांनी तेच मशीन माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर उघडं पडलेलं असतं. म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवतो.

तुम्ही कंपनी विचारता, मी खोली विचारतो. तुम्हाला वाटतं, मी उत्तर टाळतोय. पण मुलगी चार वर्षं बसणार कुठे हे कळल्याशिवाय मी काय सांगू? इथे नागपुरात, मानेवाड्याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या टेबलाशी बसणार, की होस्टेलवर तिघींच्या खोलीत, पलंगावर मांडी घालून, एकाच बोर्डाला तीन चार्जर लावून? बोर्डाला अर्थिंग आहे का? कूलर कोणत्या खिडकीत आहे? यातलं काहीच माहीत नसताना प्रोसेसरवर बोलणं मला जमत नाही.

तरी प्रोसेसरचं सांगतो, कारण "आय-७ आहे ना?" हा प्रश्न काही सुटत नाही. लॅपटॉपमधला आय-७ १२५५यू मूळ १५ वॅटचा, म्हणजे सतत चालताना साधारण तेवढीच वीज ओढणारा, तर आय-५ १२४५०एच ४५ वॅटचा. मॉडेलवरून चित्र तयार करण्याचं, म्हणजे रेंडरिंगचं, अर्ध्या तासाचं काम लावलं तर नावाने लहान असलेला दुसराच पुढे निघतो. डेस्कटॉपचा साधा आय-५ १२४०० तर ६५ वॅटचा असतो, शिवाय त्याच्या डोक्यावर तळहाताएवढा पंखा आणि भोवती मोकळा डबा. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. आरटीएक्स ४०५० लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीचीही बसवलेली असू शकते आणि खोक्यावर नाव मात्र एकच. दुकानात वॅट विचारा.

आता याच्यावर आपलं ऊन ठेवा. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहिलेलं असतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वरच्या मजल्यावरच्या खोलीची हवाच त्याच्यापेक्षा गरम असते. मग चिप ९५ अंशांच्या वर जाते आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग कापते. "मशीन स्लो झालं" म्हणून मे महिन्यात येणाऱ्या कितीतरी लॅपटॉपना काहीही झालेलं नसतं. जाळीतली धूळ काढायची, प्रोसेसरवरची पेस्ट बदलायची आणि खाली दोन बोटं हवा खेळू द्यायची. गादीवर ठेवलात तर यातलं काहीच कामाला येत नाही.

खोली थंड करायला आपण कूलर लावतो, आणि मला खरं जे सांगायचं आहे ते इथेच आहे.

मागच्या उन्हाळ्यात भंडाऱ्याच्या एका मुलीचा लॅपटॉप आला. सिव्हिलचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट उंच पाण्याच्या टाकीच्या डिझाइनचा, सबमिशन नऊ दिवसांवर. रात्री चार्जर लावला तर दिवाच लागला नाही, एवढीच तक्रार. उघडला तर चार्जिंगच्या भागाभोवती पांढरी-हिरवी बुरशीसारखी खरपुडी. खोलीत टेबल खिडकीला लागून होतं आणि खिडकीत कूलर. पंप जोरात चालला आणि वाळा कुठे फाटला की हवेबरोबर बारीक तुषार येतात, हाताला कळतही नाहीत. लॅपटॉपचा पंखा ते खालून ओढतो. पाणी उडून जातं, बोअरच्या पाण्यातले क्षार आतल्या मदरबोर्डावर राहतात आणि ओलसर हवेत तांबं खात बसतात. दोन उन्हाळे हे चाललं होतं.

मीटर लावला तर १९ व्होल्टची लाइन थेट ग्राउंडला शॉर्ट. एक कपॅसिटर काढल्यावर शॉर्ट गेला, पण तोपर्यंत प्रोसेसरचा पुरवठाही गेलेला होता. बोर्ड संपला. लॅपटॉपमध्ये चार्जिंग, प्रोसेसर आणि कितीदा तर रॅमसुद्धा एकाच बोर्डावर असते, त्यामुळे एक भाग गेला की सगळं जातं.

"पण एसएसडी तर वेगळी आहे ना?" तिने विचारलं. बरोबर विचारलं. एसएसडी, म्हणजे फाइल जिच्यात राहतात ती डिस्क, वेगळी होती आणि ठणठणीत होती. केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावली तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. विंडोज ११ ने डिस्क कुलूपबंद केलेली होती. कुलूप रोज आपोआप उघडणारी चिप त्या मेलेल्या बोर्डावर. राखीव की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. आणि खातं? लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने पटकन कुठलातरी ईमेल बनवून सुरू करून दिला होता. ती दोन वर्षं चार आकडी पिन टाकत होती. तो ईमेल तिने कधी पाहिलाही नव्हता.

दुकानात विचारलं. तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. बिलावर ईमेल नाही, वॉरंटी कार्डावरही नाही. आठवेल तो प्रत्येक नंबर टाकून पाहिला. वडिलांचा फोन आला, "पैसे किती लागतील ते सांगा, पण उघडून द्या." ही गोष्ट पैशांनी उघडत नाही, हे त्यांना तीनदा समजावून सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदाही त्यांना ते पटलं असं मला वाटलं नाही. गाइडला ईमेलने पाठवलेले जुने पीडीएफ आणि ग्रुपमधल्या मुलींकडचे आकडे एवढं हातात होतं. त्यावरून तिने अख्खं मॉडेल पुन्हा उभं केलं, मैत्रिणीच्या मशीनवर, रात्री बसून. ती एसएसडी अजून बंद आहे.

त्याआधी मी वर्षानुवर्षं "सरळ लॅपटॉप घ्या" सांगत होतो. त्या उन्हाळ्यानंतर काही महिने "डेस्कटॉपच घ्या" सांगत सुटलो. तेही अर्धवटच होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ च्या शेवटापासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलात तर चालणाऱ्या हार्डवेअरवर हे कुलूप आपोआप लागतं. मग तो डेस्कटॉप का असेना. फरक एवढाच, की डेस्कटॉपमध्ये बहुधा एसएमपीएस, म्हणजे डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग, मरतो किंवा रॅम मरते. तो भाग बर्डीच्या बाजारात संध्याकाळपर्यंत मिळतो, बोर्ड आणि प्रोसेसर तेच राहतात आणि की कोणी मागत नाही. पण बोर्डच गेला तर डेस्कटॉपवालाही त्याच दारात उभा.

म्हणून मशीन कुठलंही घ्या, पहिल्या दिवशी खातं मुलीच्या स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर, तिच्याच हाताने उघडा. मग सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, सुरू आहे का बघा. असेल तर खात्यात जाऊन की कागदावर उतरवा आणि मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि प्रोजेक्टची एक प्रत बाहेर, ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर, दर रविवारी.

आता डेस्कटॉपच्या अडचणी, कारण त्या मी लपवतो असा आरोप होतो. यूपीएस लागतोच. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. १२० वॅटच्या मशीनला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. फाइल सेव्ह करून बंद करायला ती पुरतात, पहिल्या पावसात लाइन दोन तास गेली तर अभ्यासाला नाही. आपल्या उन्हात ती बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, तो खर्च आधीच धरा. अर्थिंग नसेल तर डब्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारा करंट तारेतून जमिनीत जायला हवा, तो तुमच्यातून जातो. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थ यांच्यात मीटर लावून घ्या. २३० च्या आसपास दाखवायला हवं. रोज सहा तासांना डेस्कटॉप पाऊण युनिटच्या जवळ खातो, लॅपटॉप पाव युनिट. होस्टेल सोडताना गणेशपेठच्या स्टँडवरून एसटीने न्यायचा असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवरचा जड कूलर काढून वेगळे बांधा; खड्ड्यात त्यांच्या वजनाने बोर्ड तडकतो.

बी.कॉम., बी.ए. असेल तर फार विचार करू नका, १६ जीबी रॅमचा हलका लॅपटॉप घ्या. कॉम्प्युटर सायन्सलाही तेच चालतं. मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चरवाल्यांनी मॅक घेऊ नये. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट विंडोजवरच चालतात. लॅपटॉपच्या माहितीत रॅमपुढे एलपीडीडीआर लिहिलं असेल तर ती बहुतेक वेळा सोल्डर केलेली असते, पुढे वाढत नाही. त्यात ८ जीबी असेल तर ठेवून या. बॅटरीची मर्यादा ८० टक्क्यांवर लावायची सोय बहुतेक कंपन्या देतात, ती लावा. गरम खोलीत सतत शंभर टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी फुगते आणि टचपॅड वर उचलते. टचपॅड वर आलेला दिसला की चार्जर काढा आणि मशीन घेऊन या, दाबून बसवू नका.

घरी राहणाऱ्यांना मी अजूनही घरी डेस्कटॉप आणि कॉलेजला जुना ऑफिसचा लॅपटॉप सांगतो. जुना घेताना इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, म्हणजे आय-५ ८२५०यू किंवा त्यानंतरचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप स्वस्तात विकले जातात ते बव्हंशी म्हणूनच. विंडोज ११ ला ते अधिकृतपणे चालत नाहीत.

होस्टेलवाल्यांना मात्र अजून ठाम सांगता येत नाही. तिघींच्या खोलीत २४ इंची मॉनिटर कुठे ठेवणार? सुट्टीत रेक्टर खोली रिकामी करायला लावतात, इंटर्नशिप पुण्याला लागते. अशा वेळी लॅपटॉपच म्हणावं लागतं, आणि म्हणताना मला त्या बोर्डावरची हिरवी खरपुडी दिसते. तेव्हा टेबल कूलरच्या समोरच्या भिंतीला सरकवा. सरकत नसेल तर निदान रात्री झोपताना लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवा.