थेंबातलं झाड

रात्रभर बडोद्यात धो धो कोसळून सकाळी नुसती भुरभुर. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि कमाटीबाग गाठली. १८७९ सालची ही सयाजीरावांची बाग पावसात जी काही दिसते ना!

गेटपाशी सगळे सेल्फीत मग्न. मी आपली अळूच्या एका पानापाशी उकिडवी बसले. अळूला पाणी चिकटतच नाही. पानावर मेणाचा थर आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे, त्यामुळे थेंब गोळी होऊन घरंगळतो. शिरेच्या खळगीत एक टपोरा थेंब अडकला होता. पार जवळ जाऊन पाहिलं तर पलीकडच्या गवताच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबात अख्खं झाड उलटं! थेंबाचंच भिंग झालेलं. फोकस थेंबावर नाही, आतल्या झाडावर धरायचा आणि उजेड थोडा कमी करायचा, मग कडा छान उठतात.

(बागेतून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या काठाशी मात्र असलं उकिडवं बसू नका. तिथे मगरी आहेत.)

फोटो आईला दाखवले. दोन मिनिटं निरखून म्हणाली, "पानं कोवळी दिसतायत गं. वड्या मस्त होतील."