पाणी आधी कुणाला?

कागदावर आंतरशाखीय संशोधन म्हणजे चार विभागांची चार नावं. बोटीवर मात्र त्याचा अर्थ साधा असतो: पाच लिटरची एक निस्किन बाटली (हवी त्या खोलीवर बंद करून तिथलं पाणी वर आणणारी), आणि तिच्याभोवती रसायनवाले, प्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव मोजणारे, भौतिकवाले, सगळेच आपापल्या बाटल्या घेऊन उभे. पाणी आधी कुणाला, हे बंदर सोडण्यापूर्वीच ठरलेलं हवं.

पहिला मान ऑक्सिजनचा, आणि त्यात तडजोड नाही. निस्किनची वरची झडप उघडली की आत हवा शिरते. मग बाटली जसजशी रिकामी होते, तसतसं उरलेल्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन मिसळायला लागतो. त्यानंतर पीएच आणि विरघळलेला कार्बन, मग नायट्रेट-फॉस्फेट, मग क्षारता. क्लोरोफिल आणि प्लँक्टन शेवटी, पण त्यांचं पाणी काढण्याआधी निस्किन हलक्या हाताने हलवा, नाहीतर कण तळाशी बसलेले राहतात.

गोव्यासमोरच्या समुद्रात हा क्रम का महत्त्वाचा, ते पावसाळ्यात कळतं. तेव्हा खोलवरचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो, हवा खाली पोचत नाही. कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून नमुने घेत आली आहे. तिथे पावसाळा संपता संपता तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो, काही वेळा हायड्रोजन सल्फाइडही सापडतो. ऑक्सिजन का संपला हे एकटा रसायनवाला सांगू शकत नाही. झाकण भौतिकवाल्याला दिसतं, तळाकडे झिरपणारा सेंद्रिय गाळ जीव आणि भूविज्ञानवाल्यांना.

आता विंकलरची, म्हणजे ऑक्सिजन मोजण्याच्या रासायनिक पद्धतीची बाटली. १२५ मिलीची घ्या. निस्किनच्या तोटीला लावलेल्या नळीतले बुडबुडे चिमटीने काढा, नळी थेट तळाला टेकवा आणि पाणी बाटलीच्या दोन-तीन पट ओसंडू द्या. लगेच मँगनीज क्लोराइड १ मिली, मग अल्कधर्मी आयोडाइड १ मिली. दोन्ही वेळा पिपेटचं टोक पाण्याखाली. बूच तिरकं सरकवत बसवा आणि बाटली वीसेक वेळा उलटीसुलटी करा. तपकिरी साका आला म्हणजे ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही. तिथेच निस्किनमधलं थोडं पाणी नाकाशी नेऊन सडक्या अंड्याचा वास येतो का बघा.

बुडबुड्याची भीती उगाच नाही. २८ अंशांना १ मिली हवेत सुमारे ०.२७ मिग्रॅ ऑक्सिजन असतो. बुचाखाली अर्धा मिली हवा अडकली आणि तिच्यातला ऑक्सिजन पूर्ण पकडला गेला, तर वाचन लिटरला १ मिग्रॅहून जास्त फुगतं. मासळीला त्रास व्हायला लागतो ती मर्यादा साधारण २ मिग्रॅ, म्हणजे अर्ध्या मिली हवेने धोक्याचं पाणी सुरक्षित ठरू शकतं.

साका खाली बसला की आम्ल घालून तो विरघळवा. त्यातलं ५० मिली काढून ०.०१ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजा. स्टार्च रंग फिकट पिवळा झाल्यावरच घालायचा, घाईने घातला की निळा रंग चिकटून बसतो आणि शेवट सापडत नाही. १ मिली थायोसल्फेट म्हणजे लिटरला १.६ मिग्रॅ. थायोसल्फेट टिकत नाही, दर वेळी पोटॅशियम आयोडेटने तपासा.

क्लोरोफिलसाठी अंधूक उजेडात साधारण १ लिटर पाणी काचतंतूंच्या फिल्टरमधून गाळतात. पावसाळ्यात गाळ जास्त, फिल्टर तुंबतो. तेव्हा पाणी कमी करा, पण किती गाळलं ते तिथल्या तिथे लिहा.

आणि नोंदवही एकच ठेवा. बाटली क्रमांक, वेळ आणि सीटीडीवरची (क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणावरची) खोली सगळ्यांनी त्याच ओळीत लिहायची. प्रवाहाने तार तिरकी झाली तर सोडलेली तार २५ मीटर असूनही बाटली २० वर बंद झालेली असते.