सीको ६१३९ ची दुरुस्ती, माझा अनुभव: काटा मागे पडतोय हेच पटवून द्यावं लागलं

ज्यांच्याकडे हे घड्याळ आहे किंवा घ्यायचं मनात आहे त्यांनी आधी एक काम करा. क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलाच स्टॉपवॉच, चालू करा, शेजारी मोबाईलचा स्टॉपवॉच लावा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. वरचं बटण दाबलं की काटा पळतो आणि खालचं दाबलं की शून्यावर येतो, एवढं बघून कोणी 'सगळं चालू आहे' म्हणालं तर अजिबात मान्य करू नका, कारण माझंही पळत होतं आणि शून्यावर येत होतं, आणि तरी ते बिघडलेलं होतं.

माझं घड्याळ पिवळ्या डायलचं, ज्याला सगळे पोग म्हणतात तेच. विल्यम पोग नावाचे अंतराळवीर नोव्हेंबर १९७३ मध्ये नासाच्या स्कायलॅब ४ या अंतराळ मोहिमेवर गेले तेव्हा हे सोबत घेऊन गेले होते. नासाचं अधिकृत घड्याळ ओमेगा स्पीडमास्टर, ते चावीचं, पण ट्रेनिंगमध्ये सीकोची सवय झालेली म्हणून त्यांनी ते परवानगी न घेता नेलं आणि ८४ दिवस वर राहून परत आणलं. मला मात्र या घड्याळाचं वेड लागलं ते त्याच्या मशीनमुळे. १९६९ मध्ये ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी मिळणारा, क्रोनोग्राफ आधी कोण आणतंय यावरून चढाओढ होती. झेनिथने जानेवारीत एल प्रिमेरो हे मशीन जाहीर केलं, ३ मार्चला ह्यूअर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन वगैरेंच्या गटाने कॅलिबर ११ दाखवलं आणि मे महिन्यात सीकोने फारसा गाजावाजा न करता ६१३९ जपानच्या बाजारात विकायलाच ठेवलं. पहिला कोण यावरून अजून वाद चालतात, चालू देत.

यात कॉलम व्हील (बटणांप्रमाणे क्रोनोग्राफ चालू-बंद करणारं खाचांचं चाक) आहे आणि व्हर्टिकल क्लच आहे, आणि बिघाड कळायला हा क्लच कळणं गरजेचं आहे. जुन्या क्रोनोग्राफमध्ये बटण दाबलं की एक चाक बाजूने येऊन दुसऱ्या चाकाच्या दातांत अडकतं, म्हणून सुरू होताना काटा कधीकधी झटका खातो. ६१३९ मध्ये दात अडकवायची भानगडच नाही, एकावर एक दोन चकत्या आहेत. थांबलेलं असताना दोन चिमटे त्यांना वेगळं धरून ठेवतात, बटण दाबलं की चिमटे बाजूला होतात आणि स्प्रिंग चकत्या एकमेकींवर दाबते, मग दोन्ही बरोबर फिरतात. काटा एकदम अलगद निघतो, बघत राहावंसं वाटतं. पण म्हणजे सगळा भार त्या पकडीवर. आत जुनं तेल घट्ट झालं किंवा पकड झिजली की वरची चकती घसरते. खालची वेळेवर फिरतेय, वरची मागे राहतेय.

माझ्याकडे नेमकं हेच झालेलं. तास-मिनिट काटे अगदी बरोबर, पण क्रोनोग्राफ अर्धा तास चालवला की खालच्या छोट्या डायलमधला मिनिटं मोजणारा काटा तिसाऐवजी सव्वीसच्या आसपास. त्या काट्याला गती मधल्या सेकंद काट्याच्या चाकाकडूनच मिळते, त्यामुळे हे मागे पडलं की तोही मागे.

ज्या वर्कशॉपमध्ये दिलं त्यांनी टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर लावलं, सरळ रेघ आली, आणि सांगितलं की घड्याळ उत्तम आहे. परत दिलं. मी परत नेऊन दिलं. परत तेच, 'मशीन खोटं बोलत नाही'. अहो पण टाइमग्राफर ऐकतो बॅलन्सची, म्हणजे वेळ राखणाऱ्या चाकाची टिकटिक, सेकंदाला सहा ठोके पडतात ते! क्लच वरती घसरतोय की नाही हे त्याला ऐकूच येणार नाही, ठोके तर बरोबरच पडतायत. हे मी काउंटरवर शांतपणे सांगितलं, मग कागदावर चित्र काढून सांगितलं, आणि काउंटरवरचा माणूस 'आमचे टेक्निशियन बघतील' एवढंच म्हणत राहिला. टेक्निशियनशी बोलायला कधीच मिळालं नाही. मध्ये बरेच आठवडे नुसतं 'अंडर ऑब्झर्वेशन'. मग नवीन शोध, की मी क्रोनोग्राफ सतत चालू ठेवतो म्हणून खराब झालं. या घड्याळाला वेगळा सेकंद काटा नाहीच, त्यामुळे लोक क्रोनोग्राफ चालू ठेवतात, आणि या पद्धतीच्या क्लचला चालू राहण्याचा त्रास फारसा होतच नाही, चालू असताना दोन्ही चकत्या एकत्र फिरतात. हे पण सांगून झालं. शेवटी उपाय काय सुचवला, तर पार्ट मिळत नाही म्हणून आत बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ मशीन टाकू आणि डायल जुना दिसतोय तर नवा चकचकीत बसवून देऊ. त्या दिवशी मी घड्याळ उचललं आणि बाहेर पडलो. अजून आठवलं तरी डोकं तापतं.

तर सांगायचं म्हणजे, देताना पावतीवर लिहून घ्या: पॉलिश नको, डायल आणि काटे बदलायचे नाहीत, काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा. या केसवर वरून बारीक रेघांचं फिनिश असतं, एकदा बफ मारला की कडा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. बाजारात नवे बनवलेले पिवळे डायल भरपूर फिरतायत, त्यामुळे मूळ डायल डागाळलेला असला तरी तोच ठेवा.

पुढचं काम सोपं झालं. जुनी जपानी मशीन करणारे एक कारागीर मिळाले, त्यांनी टाइमग्राफर लावायच्या आधी क्रोनोग्राफ चालू करून समोर ठेवला आणि चहा पिऊन आले. परत येऊन बघितलं आणि म्हणाले, 'क्लच सुटतोय.' मला इतकं हलकं वाटलं! रोटर (चावी देणारं फिरतं वजन) आणि त्याखालचा पूल (चाकं धरून ठेवणारी पट्टी) काढून त्यांनी मला भिंगातून ते चाक दाखवलं, कडेला तपकिरी चिकट थर. त्यांच्या मते हे चाक उघडून नीट करण्यात अर्थ नाही, अख्खंच बदलायचं. म्हणून केस गेलेलं पण मशीन शाबूत असं एक ६१३९ शोधलं आणि त्यातलं चाक बसवलं. आता अर्ध्या तासाला छोटा काटा बरोबर तिसाच्या रेघेवर येतो. मी अजूनही मधूनमधून लावून बघतो, आणि दर वेळी छान वाटतं.

अजून एक राहिलं, घेताना वर्ष बघायचं असेल तर पाठीवरच्या सिरियल नंबरचा पहिला आकडा वर्ष आणि दुसरा महिना, माझा ३५ ने सुरू होतो म्हणजे मे १९७३. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी इंग्रजी अक्षरं असतात. पहिला आकडा ९ असेल तर १९६९ की १९७९ हा घोळ होतो, तेव्हा वॉटर प्रूफ लिहिलंय की रेझिस्ट ते बघा, प्रूफ असेल तर सुरुवातीचं. आणि याला क्राऊन (बाजूचं गोल बटण) फिरवून चावी देता येत नाही, क्राऊन फिरवला की आतली रिंग फिरते. तारखेसाठी क्राऊन अर्धा आत दाबायचा, वारासाठी पूर्ण. बंद पडलं असेल तर हलवून सुरू करा.