हेडलाइटचा उजेड वाढवताना

रात्री रस्ता अंधुक दिसायला लागला की पहिला विचार जास्त वॅटच्या बल्बचा येतो. माझ्याही मनात 100/90 वॅटचा (हाय बीम/लो बीम) एच4, म्हणजे दोन फिलामेंटचा हेडलाइट बल्ब होता. पण गाडीचा मूळ बल्ब 60/55 वॅटचा, आणि होल्डर, स्विच, वायरची जाडी सगळं त्याच हिशोबाने दिलेलं. जास्त करंट ओढला की होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चकाकी करपते. म्हणून बल्बाआधी मल्टिमीटर हातात घेतला.

इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट, आणि लाइट लावून बल्बच्या प्लगवर मोजले तर 12.4! उरलेले व्होल्ट लांबलचक बारीक वायर आणि स्विच खात होते. हॅलोजनचं गणित फार कडक असतं: व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. म्हणजे बल्ब बिचारा निर्दोष होता.

मग रिलेचं हार्नेस, म्हणजे वेगळं वायरिंग बसवलं; रिले म्हणजे बारीकशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, तिथून रिलेमार्गे बल्ब. गाडीचा जुना प्लग आता फक्त रिले ओढण्यापुरता. खरा वेळ अर्थिंगने, म्हणजे निगेटिव्ह वायर बॉडीला जोडण्याने खाल्ला. बॉडीचा रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर बोल्ट आवळला, तेव्हा कुठे बल्बवर 13.7 दिसले. त्याच वॅटचा जुना बल्ब, आणि उजेड पिवळटाचा पांढरा झाला.

हेडलाइटच्या काचेचंही तसंच. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं आणि उन्हाने पिवळं पडतं. आधी हजारचा, मग दोन हजारचा पॉलिश पेपर पाणी लावून फिरवला, कंपाउंडने घासलं आणि यूव्ही कोटिंग दिलं. हे कोटिंग टाळलं तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

एवढं झाल्यावर बल्ब बदलला, त्याच 60/55 वॅटचा पण ‘प्लस’ प्रकारातला. यात फिलामेंट जास्त तापतं, म्हणून उजेड जास्त आणि आयुष्य कमी. हा सौदा मला मान्य आहे. निळ्या काचेचे बल्ब मुद्दाम टाळले. निळा लेप थोडा उजेड गाळूनच टाकतो, फक्त दिसायला पांढरं दिसतं. बसवताना बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नये. बोटाचं तेल तापलं की क्वार्ट्झ तिथे कमकुवत होतं.

एलईडी का नाही, असं मित्राने विचारलं. तोही एक जोड घेऊन आला होता, म्हणून लावून पाहिली. माझं रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेलं आहे. एलईडीची चिप त्या जागेपासून जराही सरकली की प्रकाश वर उधळतो. भिंतीवर कटऑफची, म्हणजे झोत जिथे वर संपतो ती रेघच फिसकटली होती. आपल्याला रस्ता झगझगीत दिसतो, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. काढून परत दिली.

फॉग लॅम्पला पुढच्या चाकाच्या आतलं प्लास्टिक अस्तर सोडवून हात घालावा लागला. त्यात एच8 प्रकारचा बल्ब होता, 35 वॅटचा. एच11 दिसायला अगदी तसाच, पण 55 वॅटचा. त्याच्या खाचा वेगळ्या केल्या आहेत त्या उगाच नव्हेत. लोक खाच घासून बसवतात आणि मग काच तडकली म्हणून कपाळाला हात लावतात. मी 35 वॅटचाच ठेवला. पिवळा प्रकाश धुकं भेदतो असं सगळे सांगतात, पण धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. कामाला येतो तो फॉग लॅम्पचा खालचा, पसरट झोत.

शेवटी सपाट जागेवर, टायरची हवा बघून आणि ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवून, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली. बल्बच्या मध्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली टेप लावली आणि लो बीमची रेघ स्क्रूने तिथे आणली. डाव्या हेडलाइटची रेघ आधीपासूनच बरीच वर होती.