झील कोण धरणार?

मिनियापोलिसला येऊन मला सहा वर्षं झाली, पण इथल्या रॅपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसातल्या एकाकडे जादा तिकीट उरलं, म्हणून मार्चच्या कडाक्यात त्याच्यासोबत फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू या गाण्याच्या क्लबबाहेर रांगेत उभा राहिलो. हा एकेकाळचा ग्रेहाउंडचा एस्टी स्टँड. १९७०पासून इथे गाणंबजावणं चालतं. बाहेरच्या काळ्या भिंतीवर चंदेरी चांदण्या, प्रत्येकीत इथे वाजवून गेलेल्या कुणाचं नाव. इथलाच गायक प्रिन्स, त्याची तेवढी सोनेरी.

त्या रात्री गाणार होता प्रॉफ नावाचा रॅपर. दक्षिण मिनियापोलिसमधल्या पावडरहॉर्न वस्तीतला पोरगा. पावडरहॉर्न म्हणजे बंदुकीची दारू ठेवायचं शिंग. तिथल्या तळ्याचा आकार पूर्वी तसा होता, म्हणून हे नाव.

त्याची सुरुवात जोडीने झाली. रॅझवेल नावाच्या साथीदाराबरोबर २००७मध्ये त्याने ‘प्रोजेक्ट गॅम्पो’ हा अल्बम काढला. पुढे २००९मध्ये सेंट पॉल स्लिमबरोबर ‘रिसेशन म्युझिक’. त्या मंदीत नाव शोधायला लांब जावं लागलं नसणार! २०११मध्ये अल्बम आला तो एकट्याच्या नावावर, ‘किंग गॅम्पो’. जोडी सुटली, पण जोडीतला शब्द त्याने बरोबर नेला. मला ही गोष्ट फार आवडली.

जोडीतून एकटं होणं म्हणजे काय, हे पोवाडा ऐकलेल्या माणसाला चटकन कळेल. शाहीर चौक संपवतो, झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतात, तेवढ्यात शाहिराचा श्वास होतो. रॅपच्या जोडीतही तसंच. एकाच्या ओळीचं शेपूट दुसरा पकडतो. एकट्याने तासभर म्हणायचं तर दम आणायचा कुठून?

२०१५मध्ये ‘लायबिलिटी’ आला तो र्‍हाइमसेयर्स या रेकॉर्ड कंपनीतर्फे. इथल्या रॅपवाल्यांत या लेबलचा मान मोठा, म्हणजे घरच्याच आखाड्यात मानाचा फेटा मिळाल्यासारखं. २०१८मध्ये ‘पूकी बेबी’. मग जून २०२०मध्ये लेबलने त्याच्याशी संबंध तोडले. त्याच्या गाण्यांतली बायकांबद्दलची भाषा हा वादाचा मुद्दा होता, आणि खरं सांगायचं तर त्याची काही गाणी मीही न ऐकता पुढे जातो. पुढचा अल्बम मात्र त्याच वर्षी आला, स्टॉपहाउस या त्याच्या स्वतःच्या लेबलवर. नाव ‘पावडरहॉर्न स्वीट्स’. स्वीट्स म्हणजे हॉटेलातल्या ऐसपैस खोल्या, मिठाई नव्हे. मी आधी तेच समजलो होतो.

आत गेल्यावर माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तो ओळ म्हणायचा आणि शेवटचे दोन शब्द सोडून माइक खाली घ्यायचा. ते दोन शब्द सगळं सभागृह म्हणायचं. तेवढ्यात तो श्वास घ्यायचा, घाम पुसायचा, पुढची ओळ. माझ्या शेजारी माझा ऑफिसातला मित्र. लिफ्टमध्ये ‘गुड मॉर्निंग’सुद्धा पुटपुटणारा हा गृहस्थ मानेच्या शिरा ताणून एकही शब्द न चुकता झील धरत होता.

सोमवारी लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, बुधवारी पुन्हा बर्फ आहे म्हणे.