एका माणसाच्या रक्तातला परजीवी आणि गडचिरोलीचे नमुने

हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटवरून जाताना मला हमखास एका डच रुग्णाची आठवण होते. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाजवळ राहणाऱ्या आणि कधीही देशाबाहेर न गेलेल्या त्या माणसाला हिवताप झाला होता. विमानातून आलेला एखादा डास त्याला चावला असणार. त्याच्या रक्तातून मिळालेल्या फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीचा वाण ‘एनएफ५४’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला आणि सीरममध्ये तयार होणाऱ्या आर२१ या हिवतापाच्या लशीतले प्रथिनही त्याच वाणाच्या जनुकक्रमावर बेतलेले आहे.

हे प्रथिन, म्हणजे सीएसपी, डासाच्या लाळेतून आपल्या शरीरात शिरणाऱ्या स्पोरोझोइटचे, म्हणजे परजीवीच्या संसर्ग पसरवणाऱ्या अवस्थेचे, बाह्य आवरण असते. त्याच्या मधल्या भागात चार अमिनो आम्लांची एकच साखळी पुन्हा पुन्हा येते आणि ती जवळपास सगळीकडे सारखीच असते, फक्त तिच्या आवर्तनांची संख्या बदलते. शेवटचा भाग मात्र ठिकाणानुसार बराच बदलतो, आणि माझ्या मते खरी चिंता तिथेच आहे. याच वाणावर आधारलेल्या आरटीएस,एस या हिवतापाच्या दुसऱ्या लशीच्या आफ्रिकेतील चाचणीचे विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५ ते १७ महिन्यांच्या मुलांमध्ये लशीतल्या सीएसपीशी जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध परिणामकारकता ५०.३ टक्के, तर न जुळणाऱ्यांविरुद्ध ३३.४ टक्के आढळली. आणि जुळणारे परजीवी १० टक्क्यांहूनही कमी होते.

गेल्या पावसाळ्यात गडचिरोलीहून आलेल्या फिल्टर पेपरवरच्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यांतून आम्ही डीएनए काढला, एमएसपी-२ या दुसऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाचा, वाणानुसार लांबी बदलणारा तुकडा पीसीआरने वाढवला आणि डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारे जेल अतिनील प्रकाशात पाहिले, तेव्हा एकाच रुग्णाच्या लेनमध्ये, म्हणजे त्याच्या नमुन्याच्या रांगेत, तीन बँड (पट्टे) स्वच्छ दिसले. रक्तातल्या परजीवीत या जनुकाची एकच प्रत असल्यामुळे तीन बँड म्हणजे किमान तीन वेगळे वाण. अशा रुग्णाला डास चावला की या वाणांच्या नर आणि मादी पेशींचा संयोग डासाच्या पोटात होतो आणि जनुकांची नवी सरमिसळ पुढच्या माणसापर्यंत जाते. ते जेल मी बराच वेळ पाहत राहिले.

औषधांच्या बाबतीत आपण हा प्रादेशिक फरक केव्हाच मान्य केला आहे. क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम भारतात १९७३ मध्ये आसाममध्ये नोंदवला गेला, आणि २०१३ पासून ईशान्येकडील राज्यांत उर्वरित देशापेक्षा वेगळी औषधजोडी दिली जाते. लशीच्या बाबतीतही हाच विचार आधीपासून व्हावा, असे मला मनापासून वाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर२१ची शिफारस केली, तेव्हा पुणेकर म्हणून मला फार अभिमान वाटला होता. त्या अभिमानापोटीच मला जाणून घ्यायचे आहे, की आपल्या जंगलपट्ट्यातल्या परजीवीच्या सीएसपीचा शेवटचा भाग या लशीशी कितपत जुळतो. गडचिरोलीचे उरलेले ठिपके सिलिका जेलसह बंद पिशव्यांत ठेवले आहेत. त्यांतल्या सीएसपीचा जनुकक्रम वाचण्याचे काम आम्ही येत्या सोमवारपासून हाती घेत आहोत.