पंचवीस फुटांची गाडी आणि रेडवूडचं रान

कॅलिफोर्नियातल्या रेडवूड या उंचच उंच झाडांच्या रानात मोटरहोमने, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या मोठ्या गाडीने, जायचं तर मार्ग सरळ आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून १०१ नंबरच्या हायवेने उत्तरेला निघायचं. दोन रात्री हम्बोल्ट रेडवूड्समध्ये, दोन एल्क प्रेअरीला, दोन जेडेडाया स्मिथला (तिन्ही रानातले कॅम्प), आणि त्याच रस्त्याने परत. माणसं दोन, महिना सप्टेंबर. उत्तर टोकाच्या क्रेसेंट सिटीपर्यंतचं अंतर साधारण ३५० मैल. आकडा बघून एका दिवसाचं काम वाटतं, पण मोटरहोमने ते दोन दिवसांचं धरा. विलिट्सच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो आणि वळणं सुरू होतात. रिचर्डसन ग्रोव्हला तर हायवेच जुन्या झाडांच्या बुंध्यांमधून अंग चोरून जातो. लेगेटहून समुद्राकडे फुटणारा १ नंबरचा रस्ता नकाशावर मोहात पाडतो. मोठ्या गाडीने त्या वाटेला जाऊ नका. दुपदरी रस्त्यावर मागे पाच किंवा जास्त गाड्या तुंबल्या, तर पहिल्या टर्नआऊटला, म्हणजे कडेच्या रुंद जागेत, बाजूला होणं हा कॅलिफोर्नियात कायदा आहे. उतारावर ब्रेक दाबून धरायचा नाही, गिअर खाली आणायचा.

आता मुख्य गोष्ट, गाडीची लांबी. या रानातले रस्ते आणि कॅम्पच्या जागा झाडांच्या सोयीने आखल्या आहेत, गाड्यांच्या नव्हे. मोटरहोमसाठी जेडेडाया स्मिथची मर्यादा २५ फूट, एल्क प्रेअरीची २७, मिल क्रीक या आणखी एका कॅम्पची २८. ट्रेलर ओढणार असाल तर आकडे आणखी खाली येतात. भाड्याच्या गाडीला 'पंचवीस फुटी' म्हणतात ते बऱ्याचदा वर्गाचं नाव असतं. पुढच्या बंपरपासून मागच्या शिडीपर्यंत, सायकलचा स्टँड लावला असेल तर त्यासकट, टेपने मोजा. तीस फुटी गाडीत पलंग ऐसपैस मिळतो हे खरं, पण मग रात्री रानाबाहेरच्या खासगी पार्कात काढाव्या लागतात, आणि एवढ्या लांब येऊन ते करण्यात अर्थ नाही. दोघांना २५ पुरे. २२-२३ ची मिळाली तर डोळे मिटून घ्या.

गोल्ड ब्लफ्स बीचचा कॅम्प बहुतेकांच्या यादीत असतो. तिथे जाणारा डेव्हिसन रोड कच्चा आहे आणि त्यावर २४ फूट लांबी व ८ फूट रुंदीच्या वर गाडी चालत नाही. लांबी सगळे वाचतात, रुंदी कुणी वाचत नाही. भाड्याच्या बहुतेक मोटरहोमचा सांगाडा आठ फुटांपेक्षा चार-पाच इंच जास्तच भरतो. म्हणजे तो कॅम्प यादीतून गेला.

बुकिंग रिझर्व्ह कॅलिफोर्निया या साइटवर सहा महिने आधी, तिकडच्या सकाळी आठ वाजता उघडतं. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा बघता बघता संपतात. प्रत्येक जागेच्या पानावर तिची स्वतःची लांबी दिलेली असते, ती कॅम्पच्या मर्यादेहूनही कमी असू शकते. मिल क्रीक फक्त उन्हाळ्यात उघडा असतो.

यांपैकी एकाही ठिकाणी वीज, पाणी किंवा ड्रेनेजची जोडणी नाही. त्यामुळे सगळा हिशोब बॅटरीचा आणि टाक्यांचा. छपरावर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तीनशे फूट उंच झाडांखाली भर दुपारी संध्याकाळ असते, आणि किनाऱ्यावर धुकंही असतं. जनरेटर सकाळी १० ते रात्री ८ याच वेळात लावता येतो. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीतले पन्नासच वापरायचे, त्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा सुमारे सात अँपिअर खातो. आठ तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ फिरला तरी अठ्ठावीस गेले. त्यात दिवे, पाण्याचा पंप आणि फोन मिळवा, म्हणजे दुसऱ्या रात्री पहाटे तीनला हीटर बंद पडून थंडीने जाग का येते ते कळेल. उपाय दोनच: रोज तासभर जनरेटर, किंवा हीटर कमी आणि रजई जाड. सप्टेंबरातही पहाट दहा अंशांच्या आसपास असते.

जागेवर पोचल्यावर सगळ्यात आधी गाडी समतल करा. चाकाखाली द्यायचे ठोकळे गाडीसोबत आहेत का, हे गाडी ताब्यात घेतानाच बघा. गॅसवर चालणारा फ्रिज तिरका राहिला तर त्यातला अमोनिया नीट फिरत नाही आणि दूध नासतं. गाडी वळवताना शेपटाकडे लक्ष हवं. मागच्या चाकांपलीकडे सहा-आठ फूट गाडी लोंबत असते. स्टिअरिंग उजवीकडे वळलं की ती डावीकडे फेकली जाते, आणि तिथे हमखास एखादा बुंधा उभा असतो. एकाने खाली उतरून दिशा दाखवायची.

आधी भरते ती सांडपाण्याची टाकी, मैल्याची नाही. आपल्या स्वयंपाकात तर लवकरच: तांदूळ धुणं, डाळ धुणं, तेलकट कढई. कढई आधी कागदाने पुसून घ्या, तांदळाचं पाणी वरणात वापरा, अंघोळी कॅम्पच्या स्नानगृहात करा, तिथे गरम पाणी असतं. एवढं पाळलं की दोघांना तीन दिवस सहज निघतात. पाणी भरायला नळ असतात, पण सगळ्या नळांना पाइपचा आटा नसतो. दहा लिटरचा कॅन आणि नरसाळं जवळ ठेवा.

फोडणी बाहेर, टेबलावरच्या छोट्या शेगडीवर द्या. आत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म किंचाळतो, आणि भाड्याच्या गाडीच्या पांढऱ्या ओट्यावर हळदीचा डाग पडला की तो निघत नाही. पण बाहेर खायचं तर कण न् कण उचलायचा. हे स्वच्छतेचं नेहमीचं प्रवचन नव्हे, त्यामागे एक पक्षी आहे. मार्बल्ड मरलेट हा समुद्रपक्षी जुन्या रेडवूडच्या शेवाळलेल्या फांदीवर एकच अंडं घालतो. सांडलेल्या खाऊवर निळे स्टेलर जे आणि डोमकावळे पोसले जातात, त्यांची संख्या वाढते, आणि ते ही अंडी आणि पिल्लं खातात. भडंग, शेव, चिवडा हे या बाबतीत सगळ्यात वाईट पदार्थ. ते गाडीत बसून खा. अस्वलांसाठी म्हणूनही रात्री टेबलावर काही ठेवू नका. जळण बाहेरून आणू नका, कीड पसरते. ते कॅम्पवर विकत मिळतं.

आता बघायचं काय आणि या गाडीने पोचायचं कसं. हम्बोल्टमधला अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स म्हणजे जुना १०१, सुमारे ३१ मैल, आणि मोटरहोमला अगदी योग्य. फाउंडर्स ग्रोव्हला गाडी लावून अर्ध्या मैलाची फेरी करा. तिथे १९९१ साली कोसळलेला डायरव्हिल जायंट आडवा पडला आहे. रेडवूडची उंची उभ्या झाडावर कळतच नाही, मान दुखते तेवढीच. ती कळते ती या पडलेल्या खोडाच्या कडेने चालताना. त्याची उपटलेली मुळंही बघा. एवढ्या झाडाची मुळं जेमतेम दहा-बारा फूट खोल जातात आणि आडवी पसरतात. म्हणून पायवाट सोडून बुंध्याशी फोटोला जायचं नाही, पायांनी माती दबून मुळं गुदमरतात. कडेला पॉइझन ओकही असतो: तीन-तीन पानं, अंगाला लागली की खाज आठवडाभर. लेगेटच्या शँडेलिअर ट्री या झाडाच्या खोडातल्या बोगद्यातून गाडी न्यायची हौस असेल तर ती सोडा, भोक सहा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच आहे.

एल्क प्रेअरीजवळचा न्यूटन बी. ड्रुरी पार्कवे दहा मैलांचा. हाही मोटरहोमला चालतो, आणि सकाळी नऊच्या आत रिकामा असतो. मैदानात रूझवेल्ट एल्क ही मोठी हरणं चरतात. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा काळ, नराच्या ७५ फुटांच्या आत जाऊ नका. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हला जाणारा बाल्ड हिल्स रोड १५ टक्के चढाचा आहे, तो टाळा. फर्न कॅनियन या नेच्यांनी मढलेल्या घळीला १५ मे ते १५ सप्टेंबर गाडीचा परवाना लागतो आणि आपली गाडी तर डेव्हिसन रोडवर चालतच नाही. पण एल्क प्रेअरीहून जेम्स आयर्विन ट्रेलने चालत जाता येतं, जाऊन-येऊन दहा-अकरा मैल. दिवस त्यासाठीच ठेवा; बूट भिजतात. हायपेरियन हे जगातलं सगळ्यात उंच झाड शोधायच्या भानगडीत पडू नका. तो भाग २०२२ पासून बंद आहे आणि दंड ५,००० डॉलरपर्यंत.

जेडेडाया स्मिथ शेवटी ठेवा, कारण तिथे गाडी हलवावीच लागत नाही. स्टाउट ग्रोव्ह या रेडवूडच्या राईकडे जाणारा हाउलंड हिल रोड कच्चा आणि अरुंद, मोटरहोमने जायचा नाहीच. पण उन्हाळ्यात स्मिथ नदीवर तात्पुरता पादचारी पूल टाकतात आणि कॅम्पवरून थेट स्टाउट ग्रोव्हमध्ये चालत जाता येतं. पूल आहे का, हे बुकिंगपूर्वी विचारा. तिकडच्या पावसाळ्यात, म्हणजे हिवाळ्यात, तो काढून ठेवतात. उतरत्या उन्हाच्या वेळी जा, तेव्हा किरणं आडवी आत शिरतात.

निघताना इथल्या डम्प स्टेशनवर टाक्या रिकाम्या करा. हातमोजे, आधी मैल्याची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. पुढे कधी ड्रेनेजची जोडणी असलेल्या पार्कात राहिलात तर तिथे मैल्याचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं, घट्ट भाग आत थिजतो आणि मग तो काढायला पैसे मोजावे लागतात. दक्षिणेला निघाल्यावर क्रेसेंट सिटीपुढे लास्ट चान्स ग्रेड लागतो. तिथला डोंगर सतत सरकतो, दुरुस्तीमुळे एकेरी वाहतूक आणि थांबे असतात. निघण्याआधी कॅलट्रान्स या तिथल्या रस्ते खात्याच्या साइटवर रस्ता बघा, आणि पेट्रोल क्रेसेंट सिटीतच भरा. गॅलनला आठ-दहा मैल देणाऱ्या गाडीने वाटेतल्या ऑरिक गावात पेट्रोल मिळेल या भरवशावर निघू नये.